मेलेला सासरा जेवायला बसतो

ता. ९ मार्च, दुकानातून

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळे ठीक. तुझ्या गुडघ्याचं भाच्याकडून कळलं. दोन वर्षांनी लिहितोय, तेव्हा आधी पुस्तकांचंच बोलतो.

या काळात एकोणीस कादंबऱ्या झाल्या. पूल बांधणाऱ्या दोन भावांची आहे, ती मिळवच. शेवटची वीस पानं मी उभ्याने वाचली. दुसऱ्या एकीत माझ्यासारखाच पुस्तकं बांधणारा आहे, पण लेखकाने त्याच्या हातात गार सरस दिलाय. गार सरस चिकटेल कसा? तिथेच माझा विश्वास उडाला.

असो. किती वेळ टाळू?

घड्याळजीची ती कादंबरी मी नव्याने बांधून तुला पाठवली होती. तू लिहिलंस, ''अरे, सासरा मेला, आणि पान उलटलं तर भाजीत मीठ कमी म्हणतोय. पानं पुढेमागे झालीत तुझी.'' त्यावर मी चार पानं झाडली. ही नवी रचना आहे, काळ उलटा वाहतो, साप्ताहिकं वाचून हे कळायचं नाही. सातवीत शाळा सुटलेल्या, पुस्तकं शिवता शिवता वाचायला लागलेल्या माणसाने हे शिकलेल्या बहिणीला लिहिलं. मग तुझं पत्र आलं नाही.

गेल्या गुरुवारी वाचनालयाकडून त्याच कादंबरीची दुसरी प्रत बांधायला आली. सोळा-सोळा पानांचे गठ्ठे सुटे केले तेव्हा कळलं. तुझ्या प्रतीत मी आठवा गठ्ठा सातव्याच्या आधी शिवला होता. वर कडा कापताना पानांचे आकडेही छाटले होते. म्हणजे पुरावाही मीच नाहीसा केला.

रविवारच्या वाचकमंडळात त्या सासऱ्यावर मी तासभर बोललो होतो. काल तिथे कबुली दिली. निवृत्त नर्सबाई म्हणाल्या, ''शंका आम्हाला तेव्हाच आली होती. पण तुम्ही असे रंगात आला होतात, म्हटलं कशाला त्या बिचाऱ्याला परत मारा.'' चष्मेवाला खुर्चीवरून घसरायचा राहिला. मीही हसलो, पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आणि मनात आलं, हे ताईला सांगायला हवं.

तुझं बरोबर होतं. मी वाईट बोललो.

सोबत नवी कादंबरी पाठवतोय. बोटीवरच्या आचाऱ्याची. त्याच्या जिभेची चव गेलीय आणि तो हे कुणाला कळू देत नाही. नुसत्या वासावर आणि लोकांचे चेहरे बघून चाळीस जणांचा स्वयंपाक रेटतो. तशीच दुसरी प्रत माझ्याकडे आहे. नव्वदाव्या पानावर कप्तान पहिला घास घेतो आणि चमचा खाली ठेवतो. मी तिथेच थांबलोय. तिथवर आलीस की एक ओळ टाक, मग पुढचं दोघं मिळून वाचू. तोवर मी पान उलटणार नाही.

फार ताणू नकोस.

नव्वदाव्या पानात बोट घालून बसलेला,
तुझा धाकटा