भाऊजींकडे लक्ष ठेव

२ एप्रिल

चि. धाकल्यास, ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. दातांच्या डॉक्टरचं अक्षरसुद्धा कवळीसारखं एका ओळीत कसं, असं हे विचारत होते. चेष्टा करण्याइतके बरे आहेत, हे आधी सांगते. कारण पुढचं वाचून तू घाबरशील.

गेल्या महिन्यात ह्यांनी दुकानात दोन गिऱ्हाइकांना एकमेकांची घड्याळं देऊन टाकली. चाळीस वर्षांत कधी असं झालं नव्हतं. परवा दुकानाला कुलूप लावून घरी यायला निघाले ते चौकातून वळून पुन्हा दुकानाशीच पोचले. वर हसून म्हणाले की, पायांना सवय लागली आहे. डॉक्टरांकडे चला म्हटलं की चिडतात, तुझंच डोकं तपासून घे म्हणतात.

रविवारी क्लबची गोल्फची फायनल आहे आणि हिशेब ज्याचा त्याचा असला तरी खेळायला तुम्ही दोघं एकत्र आहात. म्हणजे अठरा होल, चार तास, उघड्या मैदानात तुम्ही दोघंच. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावतोस, त्यातली थोडी नजर ह्यांच्यावर ठेव. पुढच्या शनिवारी ह्यांना एकट्याने गाडी घेऊन वन्संकडे जायचंय, तेही डोंगरातल्या रस्त्याने. किल्ली मी शिवणाच्या डब्यात लपवली आहे. द्यायची की नाही, हे तुझ्या पत्रावर ठरवणार आहे. जे दिसेल तेच लिही, मला बरं वाटावं म्हणून लिहू नकोस.

लोभ आहेच. तो वाढवायचा असेल तर कधीतरी जेवायला ये.

तुझी ताई

७ एप्रिल

ती. ताईस, धाकल्याचा सा. न. वि. वि.

आधी बातमी. कप माझा! अकरा वर्षं दुसरा नाही तर तिसरा येत होतो, तुला ठाऊकच आहे. यंदा एका फटक्याच्या फरकाने जिंकलो.

पहिल्या सहा होलचं मात्र विचारू नकोस. मन थाऱ्यावर नव्हतं. हातात स्टिक धरली की डोक्यात भलतंच काहीतरी चालू. सहाव्याला तर चेंडू सरळ तळ्यात गेला. वाटलं, यंदाही गेलंच. मग सातव्यापाशी उभा राहिलो आणि भाऊजींनीच वीस वर्षांपूर्वी शिकवलेलं आठवलं. मूठ सैल कर, श्वास सोड, चेंडूवरचा एकच ठिपका धर. जगात तो ठिपका आणि तू, तिसरं कोणी नाही. ताई, खरंच तसं झालं. तिथून पुढे मला ना वारा जाणवला, ना कोणाचा आवाज आला. बारा होल मी असा खेळलो की तो मीच होतो का, असं आता वाटतं.

भाऊजी ठणठणीत आहेत. जरा थकतात, पण वय झालं की कोण थकत नाही? तू राईएवढी गोष्ट उगाच डोंगराएवढी करतेस. किल्ली देऊन टाक.

कपाबरोबरचा फोटो पाठवीन. लोभात कसर नको.

तुझा धाकल्या

१५ एप्रिल

धाकल्या, आशीर्वाद.

तुझं पत्र आलं आणि शनिवारी सकाळी आठला मी ह्यांच्या हातात किल्ली दिली. इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन निघाले. बाराला वन्संचा फोन आला की दादा अजून पोचला नाही. संध्याकाळी सहाला पोलिसांनी कळवलं. घरापासून साठ किलोमीटरवर, अगदी उलट दिशेला, एका दगडखाणीच्या रस्त्यावर गाडी चरात गेली होती. हे बाहेर दगडावर बसून होते. उजवं मनगट दोन जागी मोडलंय. ह्या हातात पुन्हा घड्याळदुरुस्तीचा चिमटा धरता येईल का, असं मी विचारलं, तर डॉक्टरांनी विषय बदलला.

डोक्याचीही तपासणी झाली. ज्याची भीती होती तोच विसरण्याचा आजार निघाला, आणि म्हणे कमीत कमी वर्षभरापासून असावा.

कोटाच्या खिशात ह्यांची छोटी वही सापडली. रविवारचे तुझे फटके टिपलेली. पाचव्या होलपर्यंत आकडे आहेत. मग सहावा तीनदा लिहिलाय. त्यापुढे आकडेच नाहीत, नुसतं लिहिलंय, हा कितवा. पानभर तेच.

तू चार तास बरोबर होतास. तुला काय दिसलं?

ताई

१८ एप्रिल

ती. ताईस नमस्कार.

सगळं दिसलं.

दुसऱ्याच होलला त्यांनी विचारलं की, आज आपण कोणाशी खेळतोय. मी हसण्यावारी नेलं. चौथ्यापाशी डाव्या हाताचा मोजा उजव्यात चढवत होते आणि जात नाही म्हणून मोज्यावरच रागावत होते. तू सांगितलं होतंस म्हणून मी दर वेळी मान वळवून त्यांच्याकडे बघायचो, आणि दर वेळी माझा फटका चुकायचा. चेंडू तळ्यात गेला तेव्हा मला त्यांचा राग आला. तुझाही आला. सातव्यापाशी मी ठरवलं की, आता बघायचं नाही. तुला कौतुकाने लिहिलेली ती एकाग्रता म्हणजे एवढंच.

सोळाव्याला ते स्टिक घेऊन भलतीकडेच, फाटकाबाहेरच्या रस्त्याच्या दिशेने चालू लागले. डोळ्याच्या कोपऱ्यातून मला दिसत होतं. रस्त्यावर ट्रक होते. मी आधी फटका मारला आणि मग हाक मारली. चेंडू झेंड्यापासून हातभर अंतरावर थांबला. इतका सुरेख फटका मी जन्मात मारला नव्हता.

आमच्यात एकाचे फटके दुसऱ्याने लिहायचे असतात. माझं कार्ड त्यांच्याकडे होतं आणि अर्ध्याहून जास्त कोरं होतं. आकडे मीच भरले. खरे भरले, पण भरले मी. मी बोट ठेवलं तिथे त्यांनी सही केली. तुला खरं लिहायचं तर हेही लिहावं लागलं असतं, म्हणून ठणठणीत लिहिलं.

काल कमिटीपुढे सगळं सांगितलं. कप दुसऱ्या नंबरवाल्याला गेला. त्याने काय होणार आहे, हे मलाही कळतं. भाऊजींसमोर यायचं धाडस होत नाही.

लोभ कसा मागू, सुचत नाही.

धाकल्या

२४ एप्रिल

चि. धाकल्यास आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. राग आलाय आणि तो इतक्यात जायचा नाही. गेला असं खोटं लिहीत नाही. खोटं लिहून झालं तेवढं पुरे.

पण माझंही ऐक. ठणठणीत या शब्दापुढे मी तुझं पत्र नीट वाचलंच नव्हतं. दुकानातून निघून दुकानातच पोचणाऱ्या माणसाला डोंगरात पाठवू नये, हे कळायला मला भावाचं पत्र कशाला हवं होतं? ह्यांना काही झालेलं नाही असं मला कोणीतरी म्हणायला हवं होतं, आणि ते तू म्हणालास. वर्षभर मीही कपाट आवरत, भाजी निवडत दुसरीकडेच बघत होते.

हे घरी आले आहेत. डाव्या हाताने चहा पितात, सांडतात, आणि बशी बरोबर धरली नाही म्हणून माझ्यावर ओरडतात. दुकान बंद केलं. रोज सकाळी विचारतात, आज धाकल्याची फायनल ना? पहिले काही दिवस मी सांगायची, अहो, झाली ती. चेहरा असा उतरायचा की पुढे मीच सांगायचं सोडलं. आता हो म्हणते.

काल हो म्हटल्यावर डाव्या हाताने बशी बाजूला सारली. मग म्हणाले, त्याला निरोप दे, माझ्याकडे बघत बसू नको म्हणावं, त्याने त्याचा फटका बिघडतो.

म्हणजे तुझी मान वळत होती ते ह्यांना कळत होतं, धाकल्या. का वळत होती, तेही कळत असणार.

निरोप होता म्हणून जसाच्या तसा कळवला. तो तू ऐकायचा नाहीस. रविवारी ये, सकाळीच ये, हाताशी काही काम आणू नकोस. ह्यांच्यासमोर खुर्ची टाक आणि जेवणापर्यंत ह्यांच्याकडे बघत बस.

लोभ तुटलेला नाही, दुखतोय. सांभाळून घे.

तुझी ताई