विहिरीवरचा पत्रा

बाबा, आज वडाळ्याचं काम संपलं. तिथे एक जुना पेट्रोल पंप मोडून इमारत होणार आहे. जमिनीखालच्या टाक्यांतून वर्षानुवर्षं किती तेल झिरपलं, माती आणि खालचं पाणी किती नासलं, आणि शेजारच्या बैठ्या घरांतल्या माणसांच्या तब्येतीला त्याचा काय धोका आहे, हे शोधून लिहायचं, हे माझं काम. तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होते, त्यामुळे पोरगी पुढे काय झाली हे तुम्हाला कळलंच नाही. आई अजून शेजारणींना एवढंच सांगते, ‘ती माती तपासता.’

गिरणी संपाचं दुसरं वर्ष. गिरणीतले फिटर तुम्ही, आणि लालबागच्या आपल्या चाळीमागे एका ट्रकवाल्याच्या गॅरेजात इंजिनाचे सुटे भाग पेट्रोलमध्ये धुताय. अख्ख्या मजल्यावर कामाला जाणारे तुम्ही एकटेच. नळ गेला की चाळीच्या विहिरीचं पाणी, आणि ते आणायचं काम माझं. एका सकाळी मी भरली कळशी घेऊन येतेय आणि तुम्ही मला जिन्याखाली अडवता, ओंजळीत पाणी घेऊन हुंगता, आणि सगळी कळशी गटारात ओतून देता. ‘ह्या पाणी तोंडाक लावू नको, बाय.’ मी रडायला लागले. आई वरून ओरडली, ‘वास तुमच्या हाताक येता, पाण्याक नाय!’ तुम्ही साबणाने कोपरापर्यंत हात धुतलेत, दुसरं पाणी काढलंत, पुन्हा हुंगलंत, तेही ओतून दिलंत आणि कामावर गेलात.

त्या शनिवारी गॅरेज बंद होताना तुम्ही तिथल्या जमिनीखालच्या डिझेलच्या टाकीत मापाची काठी घातलीत आणि ओल्या खुणेवर खडूने रेघ मारलीत. सोमवारी कुलूप उघडल्यावर पुन्हा काठी घातलीत, तर खूण चार बोटं खाली. मालक म्हणाला, उडून गेलं असेल. ‘सेठ, उडा नहीं. जमीन में जाता है,’ तुम्ही म्हणालात. त्याने हसण्यावारी नेलं. संध्याकाळी तुम्ही विहिरीवर पत्रा टाकून तो चहूबाजूंनी ठोकलात. पहिल्या मजल्यावरची मावशी तोंडावर म्हणाली, ‘भाऊ, तुम्हाला काम आहे. आम्ही पाण्याविना मरायचं?’ तुम्ही हातोडी न थांबवता म्हणालात, ‘काम उद्या नसेल, मावशी. पण तुम्ही हे पाणी पिऊ नका.’ आणि खरंच दुसऱ्या दिवशी मालकाने तुम्हाला फाटकातूनच परत पाठवलं. मला तेव्हा तुमचा इतका राग आला होता! पुढे काही महिन्यांनी त्याने टाकी उकरून काढली, तेव्हा तळाला बोट जाईल एवढं भोक होतं. त्या दुपारी मावशीने वाटीभर सुका जवळा पाठवला. तोवर तुम्हाला दुसऱ्या गॅरेजात काम मिळालं होतं, तेच, पेट्रोलात हात घालायचं. शेवटपर्यंत तेच केलंत.

आमच्या कामात तीन गोष्टी पाहतात: विष कुठे आहे, कोणत्या वाटेने येतं, आणि कोणाच्या अंगात जातं. मधली वाट तोडली तरी माणूस वाचतो. हे मला सरांनी वर्गात शिकवलं तेव्हा मी मान खाली घालून बसले होते, कारण डोळे भरून आले होते. वडाळ्यात बिल्डरचा माणूस म्हणाला, ‘मॅडम, विहिरीचं पाणी इथे कोणीच पीत नाही. धोका नाही असं लिहा ना.’ मी घरोघर गेले. एक बाई म्हणाली, ‘पीत नाय गं, पण पोरांच्या आंघोळी ह्याच पाण्यात.’ तिच्या खोलीचं दार बंद होतं ते उघडलं, तर जमिनीतून वर आलेला तोच वास. मी सगळं लिहिलं: विहीर बंद करा, घरांना नळ द्या, माती काढेपर्यंत माणसांना दुसरीकडे हलवा. तो माणूस माझ्याशी बोलायचा बंद झाला. पण आज विहिरीवरची पाण्याची मोटर माझ्यासमोर उचलली, आणि सोमवारपासून घरं हलवणार आहेत. त्या बाईने मला बसवून चहा दिला. तुम्ही असता तर बशीत ओतून प्यायला असता.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून एक सांगते. आई अधूनमधून विचारते, ‘त्येंचा रक्ताचा दुखणा त्या पेट्रोलामुळेच झाला काय गो?’ मी म्हणते, एका माणसाबद्दल असं ठाम कोणालाच सांगता येत नाही. ते खरं आहे. पण धोका किती होता, याचं गणित मांडता येतं. त्याला कामाचे तास लागतात, वर्षं लागतात, माणसाचं वजन लागतं. परक्या माणसांचं ते मी रोज मांडते. तुमचं कधी मांडलं नाही. आईला सांगितलं, बाबांचं वजन मला कुठे ठाऊक आहे. ते खोटं आहे, बाबा. इस्पितळातल्या काट्यावर मीच तुम्हाला धरून उभं केलं होतं.