मोठ्या कंपनीतून महाडला

५ ऑक्टोबर १९३१, सोमवार. मुंबई.
मेसर्स ग्रॅडवेल, टफ्नेल अँड कंपनी सोडण्याचा माझा निर्णय पक्का. कंपनीचे पत्र नंतर आले, ही तपशिलाची बाब. खर्चकपातीत सत्तावीस जणांना पत्रे मिळाली. इतरांच्या पत्रांवर रबरी शिक्का, माझ्या पत्रावर शाईची सही. कळणाऱ्याला यातले कळते.

चौदा वर्षे अकाउंट्स डिपार्टमेंटमध्ये काढली. एल ते पी या अक्षरांच्या खात्यांचे लेजर माझे. त्यात एक खाडाखोड कोणी दाखवून द्यावी. पण मोठ्या कंपनीत बुद्धिमान माणूस कुजतो. त्याच्यावर साहेब, साहेबावर साहेब. लहान कंपनीत तोच माणूस पहिल्या दिवसापासून सगळ्यांच्या वर, कारण वर बसायला दुसरे कोणी नसतेच. बाकीच्या सव्वीस जणांना हे सुचणार नाही. ते फोर्टात अर्ज घेऊन हिंडत आहेत. हिंडोत.

मला महाडहून बोलावणे आहे. आबाजी सकपाळ नावाचा इसम. दोन मोटारलॉऱ्या आणि भाताची एक गिरणी. पूर्वी गोदीत हमाली करीत असे म्हणतात. पगार चाळीस. इथे पंच्याऐंशी होता, पण इथे हुद्दा कुठे होता? सौ. चंद्रभागेला समजावले की चाळीस ही नुसती सुरुवात, दोन वर्षांत मी तो धंदा लिमिटेड करून दाखवतो. तिने विचारले, पातेली किती न्यायची? बायकांना फायनान्स कळत नाही.

११ ऑक्टोबर, रविवार. महाड.
बाणकोटपर्यंत बोट, तिथून खाडीने लाँच. मला बोट लागली नाही. जे झाले ते शिळ्या वड्यांमुळे.

दासगाव बंदरावर मालक स्वतः येतील अशी अपेक्षा होती. आला कोण, तर लॉरीचा ड्रायव्हर सखा. त्याने माझ्याकडे आणि ट्रंकेकडे पाहून विचारले, "इंजनाचा पट्टा आनला काय?" तो गिरणीच्या मिस्त्रीची वाट पाहत होता. मी अकाउंटंट असल्याचे सांगितल्यावर त्याचा चेहरा पडला. म्हणाला, "मंग गिरन अजून चार दीस बंदच."

अडाणी माणूस. चंद्रभागा त्याच्याशी वाटभर बोलत होती. तिला बजावले, स्टाफशी अंतर ठेवायचे.

१२ ऑक्टोबर, सोमवार.
ऑफिस पाहिले. गिरणीच्या मागची खोली. टेबलावर कोंड्याचा थर. मी घंटी मागितली. आबाजीने विचारले, कशाला? प्यूनला बोलावायला. "प्यून नाय. पानी पायजे तर मडकं त्या कोपऱ्यात हाय."

दौतीत शाई मलाच भरावी लागली. चौदा वर्षांत पहिल्यांदा. धोतरावर डाग पडला. दोष दौतीचा.

हिशेब सध्या आबाजीची थोरली बहीण, प्रयागबाई, ठेवते. विधवा, गिरणीच्या दारात बसते, मोडी लिहिते. सगळ्या धंद्याची एक चोपडी! पेट्रोल, भाडे, भात, ड्रायव्हरचे विडीकाडीचे पैसे, सगळे एकाखाली एक. मला हसू आवरेना. ती म्हणाली, "वाचून दाखवू का?" मी म्हणालो, नको. त्यात वाचण्यासारखे काय असणार?

संकल्प: (१) सोळा लेजरे. (२) व्हाउचर सिस्टिम. (३) प्रयागबाईंना हळूहळू रिटायर करणे.

२० ऑक्टोबर.
आबाजीने विचारले, पोलादपूरच्या एका फेरीला खर्च किती पडतो? मी सांगितले, हा प्रश्न कॉस्टिंगचा, अकाउंट्सचा नव्हे. मग कॉस्टिंगला विचारा म्हणाला. इथे कॉस्टिंग डिपार्टमेंट नाही हे मी त्याच्या नजरेस आणले. ग्रॅडवेल टफ्नेलमध्ये हे काम एक पारशी गृहस्थ पाहत. एल ते पी या लेजरात खर्च तयार होऊन येत असे.

तांदूळ पाखडता पाखडता प्रयागबाई म्हणाली, "सव्वातीन रुपये. टायर धरून साडेतीन." आबाजी मान हलवून निघून गेला. या लोकांना अंदाज आणि आकडा यांतला फरक कोण शिकवणार? मीच.

६ नोव्हेंबर.
व्हाउचर सिस्टिम सुरू. भात कांडायला आणणाऱ्याने तीन प्रतींत फॉर्म भरायचा: नाव, गाव, पोत्यांची संख्या, भाताची जात, येण्याचे कारण. सही किंवा अंगठा.

कुडपणचा येसाजी नावाचा शेतकरी डोंगर उतरून दोन पोती घेऊन आला. तिसऱ्या प्रतीवर अंगठा मागितला तेव्हा त्याने हात धोतराला पुसला आणि म्हणाला, "म्या भात कांडाया आलो, जमीन लिवून द्याया नाय." पोती उचलून निघून गेला. त्याच्यामागे रांगेतले आणखी सहा गेले.

दुपारनंतर गिरणीसमोर अजिबात गर्दी नव्हती. महिनाभर ज्या गोंधळाबद्दल आबाजी कुरकुरत होता तो मी एका दिवसात मिटवला. आभार मानण्याची इथे पद्धत नाही.

९ नोव्हेंबर.
प्रयागबाईने फॉर्म चुलीत घातले. सगळे नाहीत, दुसरी आणि तिसरी प्रत. आबाजी मध्ये पडला नाही. लहान धंद्यात घरची माणसे असली की शिस्त राहत नाही. चंद्रभागेला हे सांगत होतो तर ती गिरणीत जायला निघाली होती. हल्ली दुपारी तिकडे जाऊन बसते. प्रयागबाईंकडून मोडी शिकते म्हणे. मी आडकाठी केली नाही. वेळ जातो तिचा.

१४ नोव्हेंबर, शनिवार.
अखेर माझ्या योग्यतेचे काम!

महाड ते पोलादपूर टपालाच्या थैल्या मोटारीने नेण्याचा तीन वर्षांचा ठेका निघाला आहे. टेंडर अलिबागला तीस तारखेच्या आत पोचायला हवे. आबाजी आज पहिल्यांदाच माझ्यासमोर खुर्ची घेऊन बसला. म्हणाला, दुसरी लॉरी उधारीवर घेतली आहे. ठेका मिळाला तर हप्ते सुटतील. नाही मिळाला तर ती जाणार, आणि सखाचा धाकटा भाऊ सहदेव ती चालवतो, त्याचे पोट जाणार. "तुमी मोठ्या कंपनीतले. म्हनून तर आनला तुमाला. कागद तुमच्यासारखा कुनाला येनार?"

माणसाला पारख आहे, हे मान्य करावे लागेल.

२१ नोव्हेंबर, शनिवार.
टेंडर पूर्ण. सतरा पाने. घसारा, राखीव निधी, आकस्मिक खर्च, आकस्मिक खर्चाचा राखीव निधी. महिना एकशे अठ्ठेचाळीस रुपये अकरा आणे तीन पै.

प्रयागबाई म्हणाली सत्तर. आबाजी म्हणाला सत्तरच घाला. मी राउंड फिगर म्हणून सत्तर घातले, सतरा पाने मात्र तशीच ठेवली. वाचणाऱ्याला कळू दे की आकड्यामागे डोके आहे.

लाखेचे सील केले. ऑफिसात मी पहिल्या आठवड्यातच इन आणि आउट असे दोन ट्रे केले आहेत. ट्रे महाडात मिळत नाहीत, म्हणून दोन सुपे. टेंडर 'आउट'मध्ये ठेवले. माझ्या बाजूने काम संपले. चौदा वर्षांत आउट ट्रेमध्ये ठेवलेला माझा एकही कागद कधी मागे राहिला नाही.

आबाजीने विचारले, झाला का कागद? सांगितले, झाला. त्याने गूळ वाटला.

२७ नोव्हेंबर.
पुढच्या वर्षाच्या योजना लिहीत आहे. पाचाडला शाखा. मग माणगाव. पगार साठ करून मागावा की सत्तर? ग्रॅडवेल टफ्नेलचे ते सव्वीस जण आज काय करीत असतील? दया येते.

३ डिसेंबर, गुरुवार.
आज प्रयागबाई सूप न्यायला ऑफिसात आली. तांदूळ पाखडायला एक कमी पडत होते. तिने 'आउट' उचलले. त्यात पाकीट होते.

तिने विचारले, "हे काय?" मी सांगितले, टेंडर. "हे हितं कसं?"

मी डिस्पॅचची पद्धत समजावून सांगितली. आउटमध्ये कागद ठेवला की डिस्पॅच क्लार्क येतो, नोंद करतो, तिकीट लावतो, प्यून घेऊन जातो. ती शेवटपर्यंत ऐकत होती. मग तिने विचारले, "हितं कोन येनार हुतं?"

प्रश्न विचारण्याची तिची पद्धत उद्धट आहे.

डिस्पॅच ठेवणे हे मालकाचे काम. माझ्या नेमणुकीच्या पत्रात डिस्पॅचचा उल्लेख कुठेही नाही. तसे लेखी देणार आहे.

१२ डिसेंबर.
ठेका पोलादपूरच्या मालोजीला मिळाला. त्याची एकच मोटार आहे, तिचेही एक दार दोरीने बांधलेले असते. त्याचा आकडा पंच्याऐंशी होता. म्हणजे आमचाच स्वीकारला गेला असता. माझे टेंडर उत्तम होते हे यावरून सिद्धच झाले.

आबाजीला हे सांगितले. ओरडला असता तर मी उत्तर तयार ठेवले होते, चार मुद्द्यांचे. तो गिरणीच्या पायरीवर बसला आणि बराच वेळ हात चोळत राहिला. गोदीतल्या माणसाचे हात. शेवटी म्हणाला, "सहदेवाला मीच सांगतो."

२२ डिसेंबर.
दुसरी लॉरी गेली. नेणारे तिघे आले होते. सहदेवने आधी ती धुतली. धुण्याची काय गरज होती कळत नाही. किमतीत फरक पडत नाही. उद्या तो मुंबईला जाणार, गिरणगावात कोणी नातेवाईक आहे त्याच्याकडे. सखा आता माझ्याशी बोलत नाही. तसाही त्याच्याशी बोलण्यासारखा विषय नव्हता.

संध्याकाळी जेवलो नाही. पित्त.

३० डिसेंबर.
आबाजी घरी आला आणि माझ्याऐवजी चंद्रभागेशी बोलला. मी तिथेच बसलो होतो. म्हणाला, "वयनी, तुमचं अक्षर चांगलं, आक्काला डोळ्यांनी दिसंना झालंय. चोपडी तुमी लिवाल काय? बारा रुपये देईन."

ती माझ्याकडे न पाहता हो म्हणाली.

मग त्याने माझा विषय काढला. पोलादपूरच्या थांब्यावर उतारूंना लॉरीत बसवायला माणूस हवा. पंधरा रुपये. "न्हायतर तुमी मुंबैला अर्ज टाका. म्या थांबवनार नाय."

मी विचार करायला एक दिवस मागितला. तो बरं म्हणाला. मी त्याला दारापर्यंतसुद्धा जाऊ दिले नाही, लगेच होकार दिला. पोलादपूर शाखा संपूर्णपणे माझ्या अखत्यारीत. महाडात तरी माझ्या डोक्यावर एक बाई होतीच.

४ जानेवारी १९३२, सोमवार. पोलादपूर.
शाखा ताब्यात घेतली. इमारत नाही. वडाखाली बाकडे आहे. बाकड्यावर चहावाल्या भागोजीच्या मालकीची दोन मांजरे. उतारू येतात, लॉरीत चढतात, पैसे सखाच्या हातावर ठेवतात. मला कोणी विचारत नाही. इथल्या लोकांना संस्था म्हणजे काय हेच माहीत नाही.

संकल्प: उतारूंचे रजिस्टर. नाव, गाव, वय, प्रवासाचा हेतू.

१३ जानेवारी.
रजिस्टर आले. दहा दिवसांत हा थांबा कुलाबा जिल्ह्यात आदर्श होईल. चंद्रभागेचे पत्र आले: खुशाल आहे, प्रयागबाईंनी उकडे तांदूळ पाठवले आहेत, गिरणीत पुन्हा गर्दी आहे. येसाजीसुद्धा येतो. हिशेबाबद्दल काही विचारलेले नाही. मी चार पाने सल्ला लिहून पाठवला.

१९ जानेवारी, मंगळवार. पोलादपूर, दासगाव.
सकाळी एक म्हातारी आली. बयाबाई. वरच्या कुठल्याशा वाडीची. मुलगा मुंबईत तापाने पडला आहे, संध्याकाळच्या भरतीची दासगावची लाँच गाठायची होती. लॉरीत चढण्याऐवजी ती माझ्यासमोर उभी राहिली. पैसे तिने मलाच पुढे केले. दोन आठवड्यांत असे पहिल्यांदाच घडले.

मी रजिस्टर उघडले. नाव लिहिले. गावाचे नाव नीट कळेना, दोनदा विचारले. वय तिला माहीत नव्हते, म्हणून मोठ्या पुरानंतर किती वर्षांनी लग्न झाले त्यावरून काढत होतो. सखाने भोंगा वाजवला. मी हात करून थांबायला सांगितले. त्याला तो हात 'जा' असा दिसला, किंवा तसा पाहायचा होता. लॉरी सुटली.

दुसरी लॉरी नाही.

तिला म्हणालो, उद्या सकाळी आठला आहे. ती म्हणाली, "पोर आज आजारी हाय." गाठोडे डोक्यावर घेऊन ती चालायला लागली.

मी रजिस्टर भागोजीकडे ठेवले आणि तिच्यामागे गेलो. का गेलो ते इथे लिहिता येत नाही. गाठोडे तिच्याकडून घेतले. तिसऱ्या मैलावर तिने ते परत घेतले. पाचव्या मैलावर माझा कोटही तिच्याच गाठोड्यात गेला. "सावकाश ये रे," म्हणाली, आणि पुढे वळणावर थांबून राहिली. वाटेत दोनदा. महाडला आम्ही थांबलोच नाही. गिरणीवरून गेलो, इंजिनाचा आवाज येत होता. तिथून दासगावपर्यंत एका बैलगाडीवाल्याने आम्हाला घेतले.

लाँच लागलेली होती. तिने कोट काढून दिला, घडी करून. फळीवर चढून तिने मागे पाहिले आणि विचारले, "तुमी मोटारवाल्यांकडं काय करता?"

साधा प्रश्न होता. उत्तराची मी मनात जुळवाजुळव करीत होतो, तेवढ्यात लाँच निघाली.