बोट चापाबाहेर

नागपूर,
सोमवार, सकाळचा चहा व्हायच्या आत

तीर्थस्वरूप मनोहरभाऊ यांस धाकटी बहीण कामिनी हिचा नमस्कार. (मायन्यातलं 'यांस' हे बाबांनी लावलेलं वळण आहे. यापुढे तू 'तू' आहेस, आणि आज तेवढाही मान जास्त होतो आहे.) वच्छलावहिनीचा गुडघा कसा आहे? मिनलची शाळा सुरू झाली का? संत्र्याला फळ धरलं आहे ना, की रानडुकरांनी यंदा झाडांची मुळंही उकरली? इकडे सगळं खुशाल आहे, म्हणजे आमचे जितेंद्रराव खुशाल आहेत. माझा उजवा खांदा वांग्यासारखा जांभळा झाला आहे. त्याचं कारण तू आहेस, आणि ते तुला सविस्तर कळावं म्हणून हे पत्र. फोन केला की तू 'हो वं, हो वं' म्हणत मध्येच ठेवून देतोस. पत्रही मध्येच ठेवता येतं, पण ते तिथेच पडून राहतं आणि मग वहिनी वाचते.

आता मुळापासून सांगते, कारण तू सोयीचं तेवढंच लक्षात ठेवतोस. बाबांना त्र्याऐंशी पूर्ण झाली, डोळ्यांना दिसेनासं झालं. त्यांची ती बारा बोरची दुनळी आणि तिचा शेतीसंरक्षणाचा परवाना आता कुणाच्या तरी नावावर करायचा. ज्याच्या नावावर करायचा त्याने बंदूक नीट हाताळायचं शिक्षण घेऊन दाखला आणायचा, असा नियम. थोरला तू, बंदूक तुझ्या घरात, डुकरं तुझ्या वावरात, आणि दाखला आणायला मी! काहून, तर 'तू नागपुरात राहतं, तुले जवळ पडते.' तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या बाईला काय काय जवळ पडतं याची तुझी यादी मला पाठ आहे. वहिनीचा चष्मा जवळ पडतो, ट्रॅक्टरचा पट्टा जवळ पडतो, मिनलच्या वाढदिवसाचा केक जवळ पडतो (तो मी मांडीवर धरून एसटीने काटोलला आणला होता, आठवतं का?), आणि आता बंदूक. बरं, मी निमूट हो म्हटल्यावर तरी गप्प बसावं! पण घरच्या ग्रुपवर तू लिहिलंस, 'कामिनी बंदूक शिकून राहिली. काटोलची डुकरं आत्ताच मौद्याले पळाली.' खाली चौदा जण हसले. चौदाही माझ्या हातची पुरणपोळी खाल्लेले लोक आहेत. आणि तुझ्या प्रत्येक मेसेजशेजारी तुझा तो गोल फोटो, मागच्या दसऱ्याचा. आठ वर्षांच्या मिनलने बाबांची बंदूक तुझ्या छातीवर रोखली आहे आणि तू, तिचा आजोबा, दोन्ही हात वर करून बत्तीशी दाखवतो आहेस. तो फोटो पाहिला की तेव्हाही माझं डोकं फिरायचं. आता का फिरतं ते पुढे येईल.

शिकवणारे गृहस्थ नत्थूजी म्हणून आहेत, लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार. पहिल्या दिवशी मी चांगली नारिंगी काठाची साडी नेसून गेले, तर त्यांनी दारातूनच परत पाठवलं. लोंबता पदर नको, उघडी चप्पल नको. तापलेलं टरफल चपलेत पडलं तर माणूस नाचतो, आणि नाचताना त्याच्या हातात बंदूक असते, असं त्यांचं म्हणणं. (हे पटण्यासारखं होतं, म्हणून जास्त राग आला.) जरीपटक्याच्या बाजारात जाऊन बंद बूट घेतले, आयुष्यात पहिल्यांदा खेळाडूंचे बूट घातले आणि दुसऱ्यांदा गेले. तर बंदूक नाहीच! दोन तास चार वाक्यं. स्वतः उघडून पाहीपर्यंत प्रत्येक बंदूक भरलेली समजायची. ज्याला इजा करायची नाही त्याच्याकडे नळी करायची नाही. नेम धरीपर्यंत बोट चापाबाहेर. आणि निशाणाच्या मागे काय आहे ते आधी पाहायचं. मी वर्गमूळ एका तासात शिकवलेली बाई आहे रे! मला चार वाक्यं दोन तास? त्यात ते 'बोट बाहेर' तर त्यांच्या अंगात असं भिनलेलं, की मधल्या सुट्टीत मी कपाच्या कानात बोट घालून चहा घेत होते तर मागून आवाज आला, 'बोट बाहेर!' अर्धा कप कुर्त्यावर गेला.

तिसऱ्या दिवशी बंदूक हातात मिळाली. मी ती उघडली, रिकामी आहे ते पाहिलं, मिटली आणि टेबलावर ठेवली. पाणी पिऊन परत उचलली तर म्हणतात, उघडून पाहा. मी म्हटलं, अहो सर, आत्ताच तर पाहिली, इथून कुणी हललेलंही नाही. तर म्हणाले, "म्याडम, कोनी सांगितलं म्हनून बंदूक रिकामी होत नसते. उघडून पाहा." बावीस वेळा उघडली, भाऊ. मी मोजलं.

आणि मग पहिला बार. कानांवर ते जाड कानझाकण, त्याखाली माझा अंबाडा मावेना, खांद्याला दस्ता टेकवला, श्वास धरला, चाप ओढला. खांद्यावर कुणीतरी खलबत्ता आपटल्यासारखं झालं, पण कागदाला भोक पडलं! माझ्याच कागदाला! मी आनंदाने, सोबत येऊन बाकावर बसलेल्या जितेंद्ररावांना सांगायला मागे वळले, 'अहो, लागलं!' तर मागे कुणीच उभं नव्हतं. बाकावरचे सगळे जमिनीवर पालथे पडलेले, त्यात जितेंद्ररावही. नत्थूजींनी नळी धरून खाली दाबली आणि असे ओरडले की पारवे उडाले: "काहून फिरल्या? नळी कोनाकडं हाय तुमची?" मग मला बाहेर उभं केलं. अर्धा तास, उन्हात. तीस वर्षं मी पोरांना वर्गाबाहेर उभं केलं, आणि छप्पन्नाव्या वर्षी बंद बूट घालून स्वतः उभी राहिले. जितेंद्रराव घरी येईपर्यंत फक्त शर्टाची माती झटकत होते.

यावरही मी तुला काही म्हटलं नसतं. पण दाखल्याच्या अर्जावर वडिलांचं नाव आणि गाव वाचून नत्थूजींनी चष्मा काढला आणि विचारलं, "काटोलचे मनोहरराव तुमचे कोन?" तेव्हा मला कळलं! तू फेब्रुवारीत तिथे जाऊन आला होतास. गेल्या गेल्या बंदूक उचललीस, छताच्या पंख्यावर नेम धरलास, बोट आत, आणि वर म्हणालास, 'मले नका शिकवू, मी बंदुकीसंगं वाढलो.' चहाच्या आत त्यांनी तुला घरी पाठवलं. आणि तू घरी येऊन वहिनीला काय सांगितलंस? 'मास्तरच कच्चा हाय, टाइम गेला.' म्हणजे मला जवळ पडत होतं म्हणून नव्हे, तुला हाकललं म्हणून मी गेले! त्या रात्री मी भाजीत दोनदा मीठ घातलं.

आता कालचं. दाखला हातात आला तशी मी काटोलची बस धरली. खोटं कशाला बोलू, मिरवायला आले होते. तू फळबाजारात गेला होतास, वहिनी चहा टाकत होती. बंदूक खुंटीवर, मागच्या दसऱ्याचा वाळलेला झेंडूचा हार तसाच, दस्त्यावर कुंकू. आईचा नियम तुला माहीत आहे: पूजेला बसलेली वस्तू उघडायची नाही, वरून खोबरेल तेलाचा हात फिरवायचा. म्हणून बाबा सोडून आपण कुणी ती कधी उघडलीच नाही. बाबा खाटेवरून म्हणाले, "रिकामीच हाय वं ते." मी म्हटलं, असू द्या. अंगणात नेली, नळी मातीकडे, बोट बाहेर, उघडली. झेंडूचा भुगा पडला. उजवी नळी रिकामी. डावीत काडतूस.

मी सांगितलं तसे बाबा खाटेवर उठून बसले. मग म्हणाले, "मागच्या पोळ्याच्या आधी भरली होती. डुकरं येतीन म्हनून वावरात बसून राहिलो. आलेच नाही ते. मंग काढाचं राहून गेलं." मी काडतूस काढून ठेवलं आणि त्यांचे हात धरून बसले. त्यांना मी एक शब्दही बोलले नाही. पण दसऱ्याला त्याच नळीच्या तोंडाशी वाकून मीच हळदकुंकू लावलं होतं, भाऊ. वहिनीने लावलं. पोरांनी कपाळ टेकवलं. मला भीती वाटली. आणि भीती वाटली की मी चिडते, हे तुला मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून माहीत आहे. या पत्रातला सगळा राग त्या हिशेबाने वाच.

वहिनीला मी काही सांगितलेलं नाही, ते तू सांग. बाबांना काही बोलू नकोस. मिनलचा पापा घे.

तुझी (अजूनही),
कामिनी

ता. क. पाकिटात ना-हरकतीचा कागद आहे. 'बहिणीच्या नावावर बंदूक, गावात काय सांगू' असं तू वहिनीजवळ म्हणालास ते मला कळलं आहे. गावात सांग की ती बावीस वेळा उघडून पाहते. शुक्रवारी परवान्याच्या कचेरीत तारीख आहे, सही करून गुरुवारच्या बसने पाठव. कुलपाची लोखंडी पेटी मी सांगून ठेवली आहे. यंदा पूजा उघडलेल्या बंदुकीची होईल, आईची मी माफी मागेन.

ता. क. २ : नत्थूजींना काल रात्री फोनवर काडतुसाचं सांगितलं. ते हसले नाहीत. रविवारच्या वर्गात तुझी जागा ठेवली आहे. बंद बूट घालून ये.

ता. क. ३ : पोळा दसऱ्याच्या आधी येतो, हे शेतकऱ्याला मी काय सांगणार. मोबाईलवर तुझा तो हात वर केलेला फोटो उघड, मोठा कर, आणि मिनलचं बोट कुठे आहे ते बघ.