डोंगरात हाक मारण्याचा प्रयोग

१८ ऑगस्ट, फेन-छी-हू
सुट्टी सुरू. उद्या डोंगर. ठराव : पहाटे उठणे, वाटेत न बसणे, जेवायच्या आत माथा.

हेतू शास्त्रीय आहे. आमच्याकडे डोंगरात कुणाला पूर्ण नावाने हाक मारत नाहीत. त्यात हा भुतांचा महिना, भलतंच कुणी ओ देतं म्हणे. माझी बायको युए-श्या हे फार पाळायची. ती जाऊन सहा महिने झाले. उद्या माथ्यावरून तिचंच पूर्ण नाव घेणार. ओ आली नाही की अंधश्रद्धा निकालात. ओ आली तर... येणार नाहीच. तरी कान साफ करून घेतलेत.

मेहुणा आ-खुन सोबत आहे. त्याला यातलं काही सांगितलेलं नाही.

१९ ऑगस्ट, सकाळ (उशिरा)
गादी फार मऊ होती, त्यामुळे जाग आली नाही.

आ-खुनने पायथ्याशी उदबत्ती लावली आणि डोंगरापुरतं माझं नाव ‘शेंगदाणा’ ठेवलं. स्वतःचं ‘मुळा’. जन्मभर फिजिक्स शिकवून शेवटी शेंगदाणा.

मी बॅगेतून युए-श्याचा पिवळा रेनकोट काढला, तर त्याचा चेहराच उतरला. डोंगरातली भुतं पिवळ्या रेनकोटात येतात आणि वाट दाखवतो म्हणून माणसाला दरीत नेतात, असं सगळेच सांगतात.

“ताईचा ना तो? दाजी, तुमच्या पोटावर बटण तरी लागेल का?”

हलका म्हणून आणला, असं सांगितलं.

त्याच दिवशी, दुपार
बसलो नाही. निरीक्षणासाठी थांबलो, बऱ्याचदा. डबा पहिल्याच निरीक्षणात संपला. आ-खुनचा गुडघा धरला, त्याला बांबूच्या बनात बाकावर बसवून पुढे आलो. तसं बरंच झालं.

देवदारांत दाट धुकं. रेनकोट घातला. बटण लागत नाही, शिलाईचा दोष. वरून कॉलेजच्या दोन मुली उतरत होत्या. प्रेमाने विचारलं, “एकट्याच का गं? चला, वाट दाखवतो.” त्यांनी दगडावर बिस्किटांचा पुडा ठेवला, हात जोडले, उलट्या पावली मागे सरकल्या आणि पळाल्या. आजकालची मुलं वाटतात तितकी वाईट नाहीत. बिस्किटं खुसखुशीत होती.

माथ्यावर
माथा म्हणजे मी थांबलो ती जागा. पाटीवरचा बाण अजून वर जातो, पण धुक्यात काय वर नि काय खाली.

हाक मारली, “त्साय युए-श्या!” पुन्हा मारली. झाडांवरून पाणी ठिबकत होतं, बाकी काही नाही.

प्रयोग यशस्वी. रेनकोटच्या खिशात तिची आलुबुखाराची गोळी सापडली, कागदाला चिकटलेली. खाल्ली नाही. बराच वेळ बसून राहिलो. दमलो नव्हतो.

संध्याकाळ, खोलीवर
राहिलेलं लिहितो. बसलो होतो तेव्हा धुक्यातून हाक आली, “च्येन वन-लुंग!” माझं पूर्ण नाव. मी झाडामागे श्वास रोखून उभा. पुन्हा हाक. आवाज रडका होता. लंगडत लंगडत आ-खुन आला.

“किती वेळ शोधतोय. शेवटी पूर्ण नाव घेऊन बोंबललो. ताई गेली. आता तुम्हीपण गेलात तर दाजी कुणाला म्हणू? ओ का नाही दिलीत?”

ऐकू आलं नाही, म्हणालो. उतरताना त्याने माझी बाही सोडली नाही.

२० ऑगस्ट, सकाळ
पाय लाकडासारखे. पडल्या पडल्या लक्षात आलं, प्रयोगातच चूक होती. मी फिजिक्सचा माणूस असून पूर्ण नाव ऐकून गप्प बसलो, मग ती नियम पाळणारी बाई ओ देईलच कशी? आणि घरी मी तिला नावाने हाक कधी मारली? नुसतं ‘अगं’ म्हणायचो. ती स्वयंपाकघरातून ‘काय हवंय?’ म्हणायची.

पुन्हा चढावं लागेल. तोवर इथेच, उशीत तोंड घालून, हळूच म्हटलं, “अगं.”

“काय हवंय?”

शेजारच्या पलंगावरून आ-खुन.

पाणी मागितलं.