गप्प गाडीचं बटण

॥ श्री ॥

वेलचेरी, चेन्नई
९ जून २०२५

ती. जयंतीअक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि भावोजींनी पाठवलेले तळायचे वडाम पोचले. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण फोनशेजारी आई बसलेली असते. डोळे गेल्यापासून ती माणसाच्या आवाजावरून त्याच्या पोटातलं ओळखते. तिच्याविषयी काही बोलायचं तर टपालाशिवाय गत नाही.

मला फसवलंय, अक्का. उजळ माथ्याने, पावती देऊन फसवलंय. नवी हायब्रिड गाडी घेतली हे तुला माहीत आहेच. पेट्रोलचं इंजिनही आहे आणि बॅटरीवर चालणारी मोटरही. पेरुंगुडीच्या ऑफिसात सल्लागार म्हणून जातो, रस्ता तुंबायच्या आत पोचायचं म्हणून भल्या पहाटे निघतो. इंजिन थंड असलं की गाडी सुरू करताच ते आपणहून धडधडायला लागतं आणि सगळा धूर आपल्या तळमजल्याच्या दारात. त्या दारात कोण उभं असतं? आई, हातात दह्याची वाटी घेऊन. तुला तिची रीत ठाऊक आहे. निघणाऱ्याच्या तळहातावर दही, त्याने "येतो" म्हणायचं आणि मागे वळून बघायचं नाही. मी दही चाटतो, ती खोकते. असलं प्रस्थान मला बघवत नाही.

परवा आमच्या लेकाने, तरुणने, लीड्सहून त्याच्या गाडीचा फोटो पाठवला. तीच गाडी, तेच मॉडेल. स्टिअरिंगच्या बाजूला एक बटण आहे, ते दाबलं की इंजिन गप्प आणि गाडी नुसत्या बॅटरीवर. माझ्या गाडीत त्याच जागी एक काळं प्लास्टिकचं झाकण आहे. नखाने उचकटून पाहिलं तर मागे वायरी येऊन थांबलेल्या. सगळं दिलंय, फक्त बटण काढून घेतलंय.

सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. तिथला गुळगुळीत दाढीचा अधिकारी हसत म्हणाला की आपल्या देशाच्या मॉडेलमध्ये ही सोय नाही, सर. मी विचारलं, आपल्या देशात फुप्फुसं नसतात का? तर म्हणे ग्राहकांची पसंती पाहून ठरवतात. मला कोणी विचारलं? तुला विचारलं? रंजनी आमच्या लेकीच्या, रेवाच्या, बाळंतपणाला बंगळूरला गेली आहे, त्यामुळे मला आवरणारं घरात कोणी नाही. मी हे बटण बसवणारच.

भावोजींना नमस्कार. राग कंपनीवर आहे, तुझ्यावरचा लोभ जागच्या जागी आहे.

तुझा धाकटा,
पद्मनाभ

॥ श्री ॥

तंजावूर
१७ जून २०२५

चि. पद्मनाभ यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले की एका बटणावर दोन पानं लिहिणारा माणूस बँकेत इतकी वर्षं गप्प कसा बसला असेल. मी म्हटलं, गप्प कुठे बसला, त्याच्या मॅनेजरला विचारा.

चिडू नकोस, पण एक विचारते. आईने तुला कधी सांगितलं का, की धुराचा त्रास होतो? तिचा खोकला तुझ्या गाडीच्या आधीचा आहे. मी चौथीत असताना ती संध्याकाळी देवापुढे सांब्राणी जाळून घरभर धूर करायची आणि त्यातच उभी राहून खोकायची. अजूनही करत असेल. तू एकदा तिलाच विचार. तुझी लहानपणापासूनची खोड आहे, कोणाला काय हवं ते न विचारता त्याच्यासाठी जिवाचं रान करायचं.

आणि नव्या गाडीच्या वायरींना हात लावू नकोस. वॉरंटी जाईल, रंजनी परत आल्यावर तुझी हजेरी घेईल आणि मी तिच्या बाजूने बोलेन.

आमची भव्या पेरुंगुडीच्या हॉस्टेलात नुसती इडली खाऊन राहते. एखाद्या शुक्रवारी तिला घरी ने. आईशी बोलताना तिला निदान चार वाक्यं मराठीत बोलावी लागतील. बाकी पोरगी स्वप्नंसुद्धा तमिळमध्ये बघते.

आईच्या पायांना माझा नमस्कार सांग. रागीट भावावरही माया असतेच, ती आहे.

तुझी अक्का,
जयंती

॥ श्री ॥

वेलचेरी, चेन्नई
५ जुलै २०२५

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

बटण बसलं!

विजयनगरच्या चौकाजवळ वेंकट नावाचा गाड्यांचं वायरिंग करणारा आहे. झाकणामागची वायर त्याने बाहेर काढून बटणाला जोडली. कंपनीचं बटण इथे मिळत नाही, म्हणून घराच्या दाराला असतं तसलं कॉलिंग बेलचं बटण लावलं. त्यावर घंटीचं चित्रसुद्धा आहे. दिसायला विचित्र आहे, मान्य. पण सकाळी गाडी सुरू केल्या केल्या दाबलं की इंजिन उठतच नाही. बारीकशी घूं-घूं होते, तीही पाण्याच्या टँकरच्या आवाजात बुडून जाते. मी आपल्याच आवारातून चोरासारखा बाहेर पडतो.

सर्व्हिस सेंटरने लगेच कळवलं की वायरिंगची वॉरंटी आता लागू नाही. म्हणजे ह्यांनी बटण चोरलं तर ती पसंती, आणि मी परत बसवलं तर तो गुन्हा. मीही त्यांना सणसणीत उत्तर लिहिलंय. सोसायटीचे सेक्रेटरी राघोत्तम, जे मला एरवी पार्किंगच्या रेघेवरून टोकतात, त्यांनी हात मिळवून अभिनंदन केलं. म्हणाले, बिल्डिंगमध्ये सगळे तुमच्यासारखे असते तर पहाटेची झोप तरी नीट झाली असती.

तू म्हणालीस म्हणून आईला विचारलं. बटणावर तिचं बोट ठेवून सगळं समजावलं. तिने घंटीचं चित्र दोनदा चाचपलं आणि म्हणाली, माझ्यासाठी एवढं केलंस, बरं झालं. झालं समाधान? रोज दही घेतो, "येतो" म्हणतो आणि तिच्या नाकाला धूर न लावता निघतो. सांब्राणीचं म्हणशील तर तिच्या देवापुढे माझं बटण चालत नाही.

या शुक्रवारी भव्याला घरी आणतो. तुझ्या टोमण्यांची वाट बघतोय, त्यांच्याशिवाय करमत नाही.

तुझा,
पद्मनाभ

॥ श्री ॥

तंजावूर
१५ जुलै २०२५

चि. पद्मनाभ यास,
आशीर्वाद. आज नुसते. उत्तम म्हणायची इच्छा नाही.

भव्या शनिवारी तुमच्या घरून निघाली आणि रस्त्यातूनच तिने मला फोन केला. रडत होती. तुला काही सांगायचं नाही अशी आईने तिला शपथ घातली होती आणि नंतर फोनवर मलाही. मी ती मोडते आहे. पाप लागलं तर माझं मला लागू दे.

शनिवारी पहाटे तू ऑफिसला गेलास. तू गेल्यावर खूप वेळाने भव्या उठून बाहेर आली, तर आई दारातच. एका हाताने ग्रिल धरलेलं, दुसऱ्या हातात दह्याची रिकामी वाटी, पाय सुजलेले. भव्याने आजीला विचारलं, पाट्टी, कोणाची वाट बघतेस? तर म्हणाली, तुझा मामा अजून निघायचाय.

पद्मनाभ, तू केव्हाच गेला होतास.

पोरीने हात धरून आत आणताना आई उंबऱ्यावरच कलली. भव्या होती म्हणून सावरली. मधुमेहाची गोळी घेतलेली आणि पोटात काही नाही. तू निघून गाडी कोपऱ्यावर वळल्याशिवाय ती कॉफीचा घोट घेत नाही, इडलीचा तुकडा मोडत नाही. निघणाऱ्याच्या आधी आपण पाठ फिरवायची नाही, असं तिचं आहे. बाबा सायकलने कचेरीत जायचे तेव्हापासूनचं आहे. कोपऱ्यावर त्यांची घंटी वाजली की ती आत जायची. मग तुझी स्कूटर आली, मग मोटार. तिला दिसत नाही, म्हणून ती ऐकते. पोरगा वाटेला लागला हे तिला तेवढ्यावरूनच कळतं, आणि तू तेवढंच काढून घेतलंस.

रोज कनका कामाला येईपर्यंत ती तशीच उभी असते. कनकाला वाटलं, आजी वारा खातात. आणि तू? ती तुला सांगत नाही, कारण तू कंपनीशी भांडून तिच्यासाठी केलेल्या गोष्टीला नाव ठेवणं तिच्या जिवावर येतं. तुझ्यासाठी ती उपाशी उभी राहील, पण तुझं मन मोडणार नाही. ज्या कंपनीने तुला न विचारता बटण काढलं तिच्या नावाने तू दोन पानं शिव्या दिल्यास. तू आईला विचारलंस ते बटण बसवायच्या आधी, की बसवल्यावर?

मला फार राग आलाय. उत्तर लवकर लिही, म्हणजे तो कमी करता येईल का ते पाहते.

अक्का

॥ श्री ॥

वेलचेरी, चेन्नई
२४ जुलै २०२५

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी तुझाच राग आला. भव्या बोलकी आहे, तिने राईचा पर्वत केला असेल असं वाटलं. तुला खोटं पाडायचं म्हणूनच दुसऱ्या दिवशी निघालो. दही घेतलं, "येतो" म्हटलं, बटण दाबलं आणि गेटबाहेर पडल्यावर आयुष्यात पहिल्यांदा आरशातून मागे दाराकडे पाहिलं.

आई दारात होती. ग्रिल धरून, मान थोडी कलती करून, कान रस्त्याकडे लावून. कोपऱ्यावर गाडी थांबवली आणि पाहत राहिलो. ती हलली नाही. टँकर गेला, दूधवाला गेला, एक शेअर ऑटो गेली, प्रत्येक आवाजाला ती मान किंचित वळवायची आणि पुन्हा सरळ करायची. इतके दिवस मी रेडिओ ऐकत पेरुंगुडी गाठत होतो आणि माझी आई इकडे अशी उभी होती. अक्का, मला माझी इतकी चीड कधी आली नव्हती.

गाडी तिथेच सोडून चालत परत आलो. पावलं ओळखून ती म्हणाली, अरे, अजून निघाला नाहीस? उशीर होईल ना. मी सांगितलं की मी निघून कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो. तिला खरं वाटेना. मग म्हणाली, परत फिरलास तर आधी बस, पाणी पी, लगेच निघायचं नसतं. मी बसलो. पाणी प्यायलो. ती पुन्हा दही आणायला उठली तेव्हा मी तिला खाली बसवलं आणि म्हटलं, आई, माझ्या तोंडावर ओरड, पण असं करू नकोस. ती म्हणाली, "तू एवढ्या हौसेने केलंस रे. मला काय, उभंच तर राहायचं होतं."



आता रोज सकाळी बटणाला हात लावत नाही. इंजिन खुशाल धडधडू देतो, वर थोडा ॲक्सिलरेटरही दाबतो, आणि कोपरा वळल्यावर बटण दाबतो. गाडीची दिशा मात्र फिरवून लावतो, म्हणजे धूर दाराकडे न जाता भिंतीकडे जातो. एवढी साधी गोष्ट मला आधी सुचली नाही याचाही मला राग आहे. खोकला थोडा कमी आहे, पण त्याचं श्रेय मी घेत नाही. देवापुढची सांब्राणी तिने स्वतःच कमी केली आहे.

राघोत्तम यांनी मला नोटीस काढली आहे. पहाटे मुद्दाम आवाज करून रहिवाशांची शांतता भंग करतो म्हणून. हेच गृहस्थ परवा माझा हात हलवत होते! त्यांना कळवलंय की गाडीत गप्प बसायची सोय आहे, ती मी स्वतः भांडून बसवून घेतली आहे, आणि या दारापुढे ती वापरली जाणार नाही. काय करायचं ते करा.

एक गोष्ट फक्त तुला सांगतो. कोपऱ्यावर पोचलो की मी आता रोज आरशात बघतो. आई कान देऊन उभी असते. मी वळतो आणि वळता वळता ती पाठ फिरवून कॉफी प्यायला आत जाताना दिसते. मी मान वळवत नाही, तेव्हा मागे न बघण्याचा नियम मोडला असं म्हणता येणार नाही. तरी हे तिला सांगू नकोस. मी मागे बघतो हे कळलं तर ती पुन्हा काळजी करत उभी राहील.

पुढच्या पत्रात 'उत्तम' हा शब्द परत मिळावा एवढीच विनंती. लोभ मी धरूनच चाललो आहे.

तुझा,
पद्मनाभ