तंबूतली नाडीपरीक्षा

मुक्काम सेलू, ता. १० बहमन, १३५२ फसली

तीर्थस्वरूप विष्णुपंतमामांच्या चरणी नागोरावाचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व मंडळी आपल्या आशीर्वादाने बरी आहेत. तिकडे चारठाण्यास आपला गुडघा कसा आहे ते कळवावे (मामी लिहितात डावा, आपण लिहिता उजवा, दोन्ही असल्यास दोन्हींची खुशाली कळवावी). येत्या गुरुवारी विमलेशी माझा साखरपुडा. आपण नवरीसाठी लुगडे घेऊन निघण्यापूर्वी हे पत्र हाती पडावे, कारण विमलेचे वडील दिनकरराव परवापासून मला पाहिले की रस्ता बदलतात. आपल्या कानी भलतेच काही येण्याआधी काय घडले ते सविस्तर लिहितो.

बाजारात सिनेमाचा तंबू आला आहे. आमच्या जिनिंग कारखान्यातली सगळी मंडळी गेली, म्हणून परवा दिवेलागणीच्या खेळाला मीही गेलो. पुरुष अलीकडे, बायका कनातीपलीकडे, पडदा दोघांना एकच. गोष्ट प्रेमाची, पण हसवणारी. तीत माणसाच्या मनाचा अभ्यास करणारा एक प्रोफेसर आहे. तो नायकाच्या मनगटाला पट्टा बांधतो, पट्ट्याची तार एका काट्याच्या यंत्राला जोडतो (यंत्र आमच्या कापसाच्या काट्यासारखेच दिसते, फक्त त्यावर आमचे काटेवाले व्यंकटराव पाय ठेवीत नाहीत) आणि एकेक शब्द उच्चारतो. नायकाने विचार न करता मनात येईल तो शब्द उलट सांगायचा. मनातली खरी गोष्ट ओठावर आली की काटा उडतो. शेजारी बसून हे सर्व लिहून घेणारी मुलगी, तीच नायिका.

आता कोणी शब्द विचारावा आणि तंबूने गप्प बसावे, हे सेलूत कसे व्हावे? आम्ही सगळे शाळेत एका सुरात उत्तरे देऊन वाढलेलो (मी चौथीपर्यंतच, पण सुरात होतो). प्रोफेसर "पानी" म्हणाला; नायकाच्या आधी तंबू "घागर" म्हणाला. "चाँद" म्हणाला, तर चार जणांनी आमचे टकले हेडकारकून माणिकराव यांचे नाव घेतले. "घर" म्हणताच कनातीपलीकडून आमच्या शेजारच्या कडूबाईंचा आवाज आला, "सासू." लगेच पलीकडूनच त्यांच्या सासूबाई म्हणाल्या, "चल तू घरी, मग सांगते." पडद्यावर नायकाने काय उत्तर दिले ते आजतागायत कोणालाही ठाऊक नाही.

तेवढ्यात रीळ तुटले आणि बत्त्या लागल्या. व्यंकटराव (वडील वैद्य होते, म्हणून नाडी आपल्यालाही कळते असा यांचा समज) उठले आणि त्यांनी माझे मनगट धरून मला उभे केले. म्हणाले, "मशीन कशाला पायजे? नाडी लय खरं बोलती. याचं लगीन ठरलंय, बघू याच्या मनात काय हाय." त्यांनी "कापूस" म्हटले, मी "गठाण" म्हणालो. "साहेब" म्हटले, मी "रजा" म्हणालो. मग ते "लगीन" म्हणाले. कनातीपलीकडे कोणीतरी काही पुटपुटले. मी मात्र मोकळ्या हाताने टोपी सारखी करू लागलो. त्यावर मागून ओरडा सुरू झाला, नाव घे, नाव घे. लग्नात नाव घेतल्याशिवाय जोडप्याला उंबरा ओलांडू देत नाहीत, तसे मला खाली बसू देईनात. नाव ओळींत गुंफून घ्यावे म्हणून "कापसाच्या गठाणीवर" इथवर आलो, पुढची ओळ सुचेना, आणि शेवटच्या रांगेस ऐकू जाईल अशा स्पष्ट उच्चारात मी "हेमा" म्हणालो.

व्यंकटराव म्हणाले, "काटा उडाला की रं."

दिनकरराव पुढच्या खुर्चीत होते. त्यांनी मागे वळून पाहिले नाही. मांडीवरची टोपी डोक्यावर घातली आणि निघून गेले.

तरी मामा, त्यांची समजूत आपणच घालावी. हेमा हे त्या खेळातील नायिकेचे नाव. ऐकून ऐकून माझ्या तोंडात बसले, इतकेच सांगावे. ठरलेले लग्न मोडले तर आईला तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

आपला आज्ञाधारक भाचा,
नागोराव

ता. क. वरील कारण सांगताना जरा जपावे. उरलेला खेळ पाहायला दिनकरराव काल पुन्हा एकटेच आले होते, आणि नायिकेचे नाव शबनम आहे.

ता. क. दुसरा. हेमा म्हणजे झरीच्या गोविंदराव मास्तरांची मुलगी. गेल्या वैशाखात आपल्या घरच्या लग्नात तिने मला मीठ दोनदा वाढले. मी दोन्ही वेळचे खाल्ले.

ता. क. तिसरा. "लगीन" या शब्दाला कनातीपलीकडून माझ्याआधी जे उत्तर आले, ते "नको" असे होते. आवाज विमलेचा. (मुलगी पाहायला गेलो तेव्हा तिला गाणे म्हणायला लावले होते, म्हणून ओळखतो.) तेव्हा दिनकररावांची समजूत घालावी, पण फार चांगली घालू नये. झरी आपल्या वाटेवर नाही हे मला ठाऊक आहे. तरीही दोन्हींपैकी जो गुडघा बरा असेल त्यास झेपत असल्यास, येताना झरीवरून यावे. लुगडे सोबत असू द्यावे.